टपाली मत, घरचं मत आणि निकालाची वाट

निवडणूक जाहीर झाली की तेच प्रश्न नव्यानं येऊ लागतात. आजी ब्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांना जिना उतरवत नाही; त्यांचं मत घरी येऊन घेतात, ते कसं? मुलीला निवडणुकीची ड्युटी परभणीत लागली आणि नाव लातूरच्या यादीत, तर तिनं मत कुठे द्यायचं? मतदानाच्या दिवशी गावी जाणं जमणार नाही, आधीच देऊन टाकता येईल का? मतदान उरकलं की प्रश्नांचा रोख बदलतो. संध्याकाळी अठ्ठावन्न टक्के सांगितलेलं मतदान नंतर सहासष्ट कसं झालं? पहिल्या फेरीत पुढे असलेला उमेदवार दुपारी मागे कसा पडला?

या शंका किरकोळ नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात ईव्हीएमवरची मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मतं होती. एका मताचा फरक. टपाली मतं वायकरांना १,५५० मिळाली होती आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. दोघांची मिळून नऊ लाखांहून जास्त मतं, आणि निकाल ठरला तो पाकिटातून आलेल्या कागदी मतपत्रिकांवर. त्यामुळे ज्यांना आधी मत देण्याचा हक्क आहे त्यांनी तो नीट वापरावा, आणि ज्यांना नाही त्यांनी वेळीच दुसरी सोय पाहावी.

आधी मत कोणाला देता येतं

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कोणताही मतदार मतदानाच्या काही दिवस आधी केंद्रावर जाऊन मत देऊन येतो. तिथल्या नातेवाइकांकडून हे ऐकून इथेही तसं चालत असेल असा अनेकांचा समज होतो. भारतात तशी सरसकट सोय नाही. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांत ती फक्त यांना मिळते:

- ८५ वर्षांवरील मतदार. ही सोय २०१९ मध्ये नियमांत आली तेव्हा वयाची अट ८० होती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी ती ८५ करण्यात आली. जुन्या माहितीवर विसंबून ८२ वर्षांच्या आजोबांना घरी थांबवून ठेवू नका.
- ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेले मतदार.
- निवडणूक आयोगानं त्या निवडणुकीपुरत्या अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतले, मतदानाच्या दिवशी कामावर असणारे कर्मचारी, तसंच वार्तांकनासाठी आयोगाचं अधिकारपत्र असलेले पत्रकार.
- निवडणुकीच्या ड्युटीवरचे कर्मचारी आणि पोलीस.
- सैन्यदलांतले आणि इतर सेवा मतदार, परदेशात नेमणूक असलेले सरकारी कर्मचारी आणि त्यांच्यासोबत राहणारे त्यांचे जोडीदार.
- प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध असलेली व्यक्ती. तुरुंगात असलेल्या इतर कैद्यांना, अगदी कच्च्या कैद्यांनाही, मतदान करता येत नाही.

आधी मत देण्याची गरज आपल्याकडे नवी नाही. हिमाचलमधल्या किन्नौरचे श्याम सरण नेगी यांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत दिलं. बर्फानं रस्ते बंद व्हायच्या आत तिथलं मतदान उरकायचं होतं; बाकीच्या देशातलं बहुतेक मतदान १९५२ च्या सुरुवातीला झालं. त्याच नेगींनी २ नोव्हेंबर २०२२ रोजी पहिल्यांदाच घरून टपाली मत दिलं आणि तीन दिवसांनी त्यांचं निधन झालं. राज्यातलं मतदान १२ नोव्हेंबरला होतं. ही सोय नसती तर त्यांचं शेवटचं मत राहून गेलं असतं.

घरून मत: मुदत चुकली तर पुढचं काहीच होत नाही

घरून मतदानासाठी लागणारा अर्ज म्हणजे नमुना १२-डी. तो मिळवणं अवघड नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, यादीतल्या पात्र मतदारांच्या घरी तो घेऊन येणं अपेक्षित असतं. अडचण असते ती मुदतीची. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत भरलेला अर्ज परत जायला हवा. अधिसूचना वेगळी आणि पत्रकार परिषदेतली घोषणा वेगळी, हे लक्षात ठेवा; मुदत अधिसूचनेपासून मोजतात.

२०२४ च्या विधानसभेचंच घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. म्हणजे वसुबारस यायच्या आतच १२-डीची मुदत संपली होती. मतदानाला तीन आठवड्यांहून जास्त वेळ होता, उमेदवारांची अंतिम यादीही लागायची होती. दिवाळी झाली की बघू, असं म्हणणाऱ्या घरांतल्या आजी-आजोबांना मग केंद्रावर जाण्याशिवाय पर्याय उरला नाही. इतकी अपुरी मुदत अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या कुटुंबांवर अन्याय करणारी आहे. ती वाढायला हवी. तोवर तयारी घोषणेच्या दिवशीच सुरू करणं तुमच्या हातात आहे.

त्या तयारीत पुढच्या गोष्टी तपासा:

- मतदार यादीत वय बरोबर आहे का. पात्रता यादीतल्या वयावरून ठरते. यादीत ८३ लिहिलं असेल तर आधार कार्डावरचे ८७ कामाला येणार नाहीत. दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो, आणि तो निवडणूक जाहीर होण्याआधी भरलेला बरा.
- दिव्यांग मतदारांनी प्रमाणपत्राची प्रत अर्जासोबत जोडावी.
- अर्जावर चालू मोबाईल नंबर लिहा. पथक कधी येणार त्याची सूचना त्यावर येते. आजोबांचा साधा फोन कपाटात बंद पडलेला असेल तर मुलाचा किंवा सुनेचा नंबर द्या.
- बीएलओ आले नाहीत तर वाट पाहत बसू नका. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जा किंवा १९५० या क्रमांकावर फोन करा.

हा अर्ज ऐच्छिक आहे. ज्यांना केंद्रावर जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटून मत द्यायचं असतं, त्यांनी तो भरू नये. भरला आणि मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. घरी पथक आलं नाही, तर मतदानाच्या दिवशी रिक्षा करून जाऊ, असा विचार करून निघालेल्या मतदाराला केंद्रावरून परत फिरावं लागतं.

पथक येतं तेव्हा त्यात किमान दोन मतदान अधिकारी, सुरक्षेसाठी पोलीस आणि चित्रीकरण करणारी व्यक्ती असते. उमेदवारांना भेटीचं वेळापत्रक आधी दिलेलं असतं. त्यांचे प्रतिनिधीही हजर राहू शकतात. मतदार घरी नसेल तर पथक दुसऱ्यांदा येतं, त्यानंतर येत नाही. त्यामुळे त्या दिवसांत दवाखान्याची तपासणी असेल तर पथकाला आधीच कळवा.

मत द्यायला मशिन नसतं, कागदी मतपत्रिका असते. तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावं आणि नोटाही असतो. मत नोंदवून मतपत्रिका आतल्या पाकिटात जाते. नमुना १३-ए हे घोषणापत्र मतदारानं सही किंवा अंगठा करून द्यायचं, अधिकाऱ्यानं ते साक्षांकित करायचं, आणि हे सगळं बाहेरच्या मोठ्या पाकिटात बंद करून पथकाकडे द्यायचं.

इथे तुमचे हक्क ठाम आहेत. प्रक्रियेचं चित्रीकरण होतं, पण खूण करतानाचं होता कामा नये. मतदाराला आडोसा मिळायला हवा; पथक, पक्षाचा माणूस आणि घरातले सगळे त्या वेळी बाजूला थांबतील. दृष्टिहीन किंवा हाताला कंप असलेला मतदार आपल्या पसंतीच्या प्रौढ व्यक्तीची मदत घेऊ शकतो. मात्र मदत करणाऱ्यानं मतदार सांगेल तिथेच खूण करायची असते. "आईला आता काय कळतंय, मीच करतो" असं म्हणून मुलानं पेन हातात घेतलं, तर ते आईचं मत राहत नाही. चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसालाही स्वतःचा उमेदवार असतो.

ड्युटीवर असाल तर

शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँक कर्मचारी, पोलीस अशा हजारो लोकांची दर निवडणुकीत मतदानाच्या दिवशी केंद्रावर नेमणूक होते. त्यांच्यासमोर दोन वाटा असतात.

ज्या मतदारसंघात ड्युटी आहे त्याच मतदारसंघात नाव असेल, तर नमुना १२-ए भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्या. ते दाखवून ड्युटीच्या केंद्रावरच ईव्हीएमवर मत देता येतं. लोकसभेला हे पूर्ण लोकसभा मतदारसंघाला लागू होतं. हा अर्ज मतदानाच्या किमान चार दिवस आधी करायचा असतो.

दुसऱ्या मतदारसंघात ड्युटी असेल तर नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागवा. त्याची मुदत मतदानाच्या किमान सात दिवस आधीची आहे. पूर्वी ही मतपत्रिका कर्मचारी घरी घेऊन जात आणि मोजणीच्या दिवसापर्यंत सवडीनं पाठवत. त्यात पाकीट हरवणं, उशीर होणं आणि पाकीट आपल्याकडे द्या असा स्थानिक पुढाऱ्यांचा दबाव येणं, हे सगळंच व्हायचं. २०२३ च्या नियमबदलानंतर ड्युटीवरच्या मतदारांनी प्रशिक्षणाच्या ठिकाणी उभारलेल्या सुविधा केंद्रावरच मत द्यायचं असतं. म्हणून प्रशिक्षणाला जाताना मतदार ओळखपत्र आणि नेमणुकीचा आदेश दोन्ही सोबत ठेवा. जेवणाच्या सुट्टीत रांग फार असते. सकाळी पोचल्यावरच मत देऊन टाका.

अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांचा अर्ज १२-डीच असतो, पण तो खात्याच्या नोडल अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह जातो. त्यांच्यासाठी टपाली मतदान केंद्र मतदानाच्या आधीच्या दिवसांत तीन दिवस उघडं असतं. त्या तारखा कार्यालयाच्या सूचनाफलकावर शोधत बसण्यापेक्षा नोडल अधिकाऱ्यालाच विचारा.

पाकीट बाद का होतं

सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी सैन्यात आहे. त्यांची मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं त्यांच्या युनिटकडे पोचते. तिथे ती छापून घ्यायची, मत नोंदवायचं आणि टपालानं परत पाठवायची. टपालखर्च लागत नाही. जाताना वेळ वाचतो, परत येताना मात्र पाकीट नेहमीच्या टपालानंच येतं. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेआधी, म्हणजे बहुधा सकाळी आठच्या आत, ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचलं नाही तर उघडलंच जात नाही. घरच्यांनी फोनवर "मत दिलंस का?" एवढंच न विचारता "पाकीट कधी टाकलंस?" हेही विचारावं.

वेळेत पोचलेली पाकिटंही बाद होतात. नेहमीची कारणं अशी:

- १३-ए घोषणापत्र पाकिटात नाही, त्यावर सही नाही किंवा साक्षांकन नाही.
- घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा अनुक्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही.
- घोषणापत्र चुकून मतपत्रिकेबरोबर आतल्या पाकिटात बंद केलं आहे.
- मतपत्रिकेवर दोन उमेदवारांपुढे खुणा आहेत, किंवा सही, नाव असं ओळख पटवणारं काही लिहिलं आहे.

पहिल्या तीन प्रकारांत आतलं पाकीट न उघडताच बाजूला ठेवतात. मत कोणाला होतं हे कधीच कळत नाही. गुजरातमधल्या धोळका मतदारसंघात २०१७ मध्ये विजयी उमेदवाराचं मताधिक्य ३२७ होतं आणि बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका ४२९ होत्या. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२० मध्ये उच्च न्यायालयानं ती निवड रद्द ठरवली आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी ती बाद मतं पुन्हा तपासणं आता बंधनकारक आहे.

ज्यांना ही सोय नाही त्यांनी

पुण्यात काम करणारा बीडचा तरुण, मुंबईत शिकणारी रत्नागिरीची मुलगी, ऊसतोडीला कर्नाटकात गेलेलं कुटुंब, सत्तरीतला शस्त्रक्रिया झालेला रुग्ण: यांपैकी कुणालाही आधी मत देता येत नाही. आयोगानं २०२३ च्या जानेवारीत दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना पक्षांसमोर मांडला होता, पण तो पुढे सरकला नाही. पोटासाठी घर सोडणाऱ्यांचं राज्य असलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न पक्षांनी लावून धरायला हवा होता.

तोवर व्यवहारात दोन गोष्टी करता येतात. वर्षभराहून जास्त काळ दुसरीकडे राहत असाल तर नमुना ८ भरून नाव तिकडे हलवा. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत केलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी विचारात येतात. गावी जाऊन मत द्यायचं असेल तर पगारी सुट्टी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-बी नुसार ती रोजंदारीवरच्या कामगारालाही मिळते, आणि मतदारसंघाबाहेर नोकरी करणाऱ्यालाही. मालकानं नाकारली तर ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम क्षुल्लक आहे, पण कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला की बहुतेक ठिकाणी वाद होत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: भारतीय पारपत्र असेल आणि परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर नमुना ६-ए भरून नाव नोंदवता येतं. मत मात्र स्वतः इथे येऊन, मूळ पारपत्र दाखवूनच द्यावं लागतं.

मत दिलं, आता मधले दिवस

२०२४ मध्ये नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूरच्या मतदारांनी १९ एप्रिलला मत दिलं आणि ४ जूनपर्यंत, म्हणजे ४६ दिवस, निकालाची वाट पाहिली. मुंबईकरांना १५ दिवस थांबावं लागलं. गोव्यात २०२२ च्या विधानसभेला मतदान १४ फेब्रुवारीला झालं आणि मोजणी १० मार्चला. एकाच वेळी जाहीर झालेल्या निवडणुकांच्या सगळ्या टप्प्यांची मोजणी एका दिवशी ठेवण्याचं कारण उघड आहे: एका भागाचा निकाल दुसऱ्या भागाच्या मतावर परिणाम करू नये. एक्झिट पोलवर बंदी आहे तीही याच कारणानं. कलम १२६-ए नुसार शेवटच्या टप्प्याचं मतदान संपल्यावर अर्ध्या तासापर्यंत ते दाखवता येत नाहीत.

या काळात मशिनं सुरक्षा कक्षात असतात. कक्ष उमेदवारांच्या किंवा प्रतिनिधींच्या समोर मोहोरबंद होतो, त्यांना स्वतःची मोहोरही लावता येते, आणि बाहेर थांबून सीसीटीव्हीवर लक्ष ठेवता येतं. रस्त्यानं मशिनं नेणारी गाडी दिसली की व्हिडिओ फिरू लागतात. प्रशिक्षणाच्या आणि राखीव मशिनांचीही ने-आण होत असते, त्यामुळे नुसत्या गाडीवरून काही सिद्ध होत नाही. शंका आली तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, निरीक्षकाकडे किंवा १९५० वर तक्रार करा, आणि तुमच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला कळवा. त्याच्याकडे मशिनांच्या क्रमांकांची नोंद असते.

ही नोंद ज्या कागदात असते तो नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात एकूण नोंदलेली मतं लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत देतो. मोजणीच्या टेबलावर हाच आकडा मशिनशी ताडून पाहतात. कार्यकर्त्यांनी हा कागद जिवापाड जपावा. नंतरच्या कोणत्याही वादात ओरडण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

मतदानाची टक्केवारी वाढते ती कशी, हेही इथेच सांगायला हवं. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. यावरून पुष्कळ वाद झाला. पाचचा आकडा केंद्रांवरून कळवलेल्या अंदाजावर बेतलेला असतो. मतदान सहापर्यंत चालतं, आणि सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचं मत घेतात, मग रात्रीचे आठ वाजोत. अंतिम आकडा कागदपत्रं जमा झाल्यावर ठरतो. त्यात टपाली मतं धरलेली नसतात. तरीही केंद्रनिहाय आकडे लगेच जाहीर करण्याची मागणी रास्त आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मतदान चालू असताना तसा आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगानं पहिल्या पाच टप्प्यांतल्या मतांचे प्रत्यक्ष आकडे जाहीर केले.

एक्झिट पोल पाहा, पण त्यावर पैज लावू नका. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक अंदाज रालोआला ३५० च्या वर जागा देत होते, मिळाल्या २९३. सहा महिन्यांनी महाराष्ट्रात उलट झालं: महायुतीच्या तीन पक्षांनी २३० जागा जिंकल्या, बहुतेक अंदाजांच्या कितीतरी वर.

मोजणीच्या दिवशी काय पाहावं

सकाळी आठला टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि अर्ध्या तासानं ईव्हीएमची. साडेआठला दिसणारे कल हे जवळजवळ सगळे कर्मचारी, सैनिक आणि ज्येष्ठांच्या मतांचे असतात. त्यावरून पेढे आणू नयेत. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानं ठरवलं की टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय ईव्हीएमची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. मुंबई वायव्यसारखी चुरस असेल तिथे या क्रमामुळे संशयाला जागा कमी राहते. हा चांगला बदल आहे.

एका विधानसभा क्षेत्रासाठी साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे एका फेरीत १४ केंद्रांची मतं मोजली जातात. २०२४ मध्ये राज्यात १,००,१८६ केंद्रं आणि २८८ मतदारसंघ होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३४८ केंद्रं आणि सुमारे २५ फेऱ्या. त्या वेळच्या सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांचा हिशेब धरला तर एका फेरीत अंदाजे नऊ हजार मतं येतात. वीस फेऱ्या झाल्या, पाच उरल्या आणि आघाडी तीन हजारांची आहे, तर अजून पंचेचाळीस हजार मतं मोजायची आहेत. इतक्यात हार-तुरे नकोत.

केंद्रं साधारण अनुक्रमांकानं मोजली जातात, त्यामुळे आधी तालुक्याचं गाव आणि मग खेडी, किंवा उलट, असा क्रम लागतो. आघाडी दुपारी फिरण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. टीव्हीवरचे आकडे वार्ताहरांकडून येतात आणि आयोगाच्या संकेतस्थळाच्या पुढे धावतात. संकेतस्थळावर किती फेऱ्यांपैकी कितवी झाली ते दिसतं. आकड्याआधी तेच पाहा.

शेवटच्या फेरीनंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. आधी हे एकाच केंद्रापुरतं होतं. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पाचवर नेलं. आघाडी स्पष्ट दिसत असूनही घोषणा रखडते ती बऱ्याचदा यामुळे.

पालिका-जिल्हा परिषदेचं वेगळं

नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे १२-डी अर्ज चालत नाही, त्यामुळे लोकसभेला घरून मत दिलेल्या आजींनी पालिकेलाही पथक येईल असं गृहीत धरू नये. निकालाची तारीखही हलू शकते. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी ठरली होती. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं होतं, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळी मोजणी २१ डिसेंबरला घ्यायला सांगितलं.

निकाल मान्य नसेल तर

मताधिक्य थोडं असेल तर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी फेरमोजणी मागू शकतो. अर्ज लेखी, कारणांसह आणि निकाल जाहीर होण्याआधी द्यायचा असतो. निर्णय निवडणूक निर्णय अधिकारी देतो. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला आणि साकोलीचा २०८ मतांनी. अशा ठिकाणी मोजणी प्रतिनिधीनं अर्जाचा मसुदा शेवटच्या फेरीआधी तयार ठेवावा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत मशिनांच्या तपासणीसाठीही अर्ज करता येतो. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांपुरता तो हक्क आहे. तो सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ च्या निकालात दिला. त्याच दिवशी अमरावती, अकोला, नांदेडसह राज्यातल्या आठ मतदारसंघांत मतदान चालू होतं.

सामान्य मतदारही उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. मुदत निकालाच्या तारखेपासून ४५ दिवसांची आहे. याचिकेपर्यंत जायचं नसेल, तरी आपल्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे पाहता येतं. नमुना २० मध्ये केंद्रनिहाय आकडे असतात आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्यात टपाली मतांची ओळ वेगळी असते, आणि बाद ठरलेल्या मतांचा आकडाही.